‘मुसोफिर’ आणि त्यांचा परवाना

उझबेक भाषेत रोजगारासाठी परदेशी गेलेल्या माणसाला ‘मुसोफिर’ म्हणतात. शब्द आपल्या ओळखीचा असला, तरी त्याला परक्या दारी उभ्या असलेल्या माणसाची करुण छटा आहे. मॉस्कोत रस्ते झाडणारे, इमारती उभारणारे, टॅक्सी चालवणारे असंख्य उझबेक या अर्थाने मुसोफिर होत. त्यांतील पुष्कळ जण फरगाणा खोऱ्यातले, म्हणजे बाबराच्या मुलखातले. (हिंदुस्थानात बर्फ नाही, चांगली खरबुजे नाहीत, ही त्याची तक्रार इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते.)

1991पर्यंत ताश्कंद आणि मॉस्को एकाच राष्ट्रात होते. सोव्हिएत सैन्यात राहून आलेल्या पिढीला रशियन बोलता येत असे. पुढे 1993मध्ये उझबेकिस्तानने लॅटिन लिपी स्वीकारली आणि खेड्यापाड्यांत रशियन मागे पडली. परिणामी, बाप ज्या शहरात नागरिक म्हणून वावरला, तेथे मुलगा भाषेवाचून, परका म्हणून उतरतो.

उतरल्यापासून 30 दिवसांत त्याला ‘पेटंट’ नावाच्या श्रम-परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. 2015पासून त्यासाठी रशियन भाषा, इतिहास व कायदा यांची परीक्षाही आहे. मॉस्कोचे हे काम चालते शहरापासून दूर, साखारोवो येथे. परवाना टिकवायचा तर दरमहा आगाऊ कर भरायचा. 2025मध्ये मॉस्कोत तो 8,900 रूबल होता. हप्ता चुकला की परवाना संपला. शिवाय तो त्या प्रदेशापुरताच. त्याच खोलीत राहणाऱ्या किरगिझ सोबत्याला मात्र यातले काहीच लागत नाही, कारण त्याचा देश युरेशियन आर्थिक संघाचा सदस्य आहे आणि उझबेकिस्तान केवळ निरीक्षक.

रुळण्याचे खरे काम सरकारी खिडकीवर होत नाही. ते होते गावकऱ्यांनी मिळून घेतलेल्या खोलीत. आधी आलेला भाऊ नव्याला काम मिळवून देतो, कोणत्या मुकादमावर विसंबू नये हे सांगतो. कामावर नाव बदलून ‘मिशा’ किंवा ‘कोल्या’ होते. गावी आजी नातवंडे सांभाळते आणि पैशाची वाट पाहते.

मार्च 2024मधील क्रोकस सभागृहावरील हल्ल्यानंतर ही घडी विस्कटली. संशयित हल्लेखोर ताजिक होते. झडत्यांचा जाच साऱ्याच मध्य आशियाई कामगारांच्या वाट्याला आला. एप्रिल 2025पासून परदेशी मुलांना रशियन भाषेची चाचणी उत्तीर्ण झाल्याशिवाय शाळेत प्रवेश नाही. भाषा शिकण्याची सर्वांत सोयीची जागा भाषा न येणाऱ्यालाच बंद करणे, हे धोरण मला अनाकलनीय वाटते.

डिसेंबर 2025मध्ये पुतिन यांच्या दिल्ली भेटीत भारत व रशिया यांच्यात कामगारांविषयी करार झाला, म्हणून हे सारे आपल्या कामाचे. उझबेकाला व्हिसा लागत नाही. पेटंट हाती असले की तो मालक बदलू शकतो. भारतीयाला व्हिसा लागतो आणि त्याचा परवाना मालकाशी बांधलेला असतो. वेतन थकले, तर तो कोठे जाणार? आधी गेलेला भाऊही त्याला तेथे भेटायचा नाही. निघण्यापूर्वीचे भाषाशिक्षण, कामगाराला वाचता येईल अशा भाषेतला करारनामा आणि वकिलातीत तक्रार ऐकणारा एक निश्चित अधिकारी, एवढे तरी पहिली तुकडी रवाना होण्यापूर्वी ठरलेले असावे.