पथ्य हवं, पण इंजेक्शनऐवजी नाही

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस. यात आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं मायलिनचं आवरण खराब करते. मला हा आजार आहे हे कळल्यापासून इंदूरमधले आमचे निम्मे नातेवाईक वैद्य झाले आहेत. गहू सोड, दूध सोड. आणि हल्ली, इंजेक्शनही सोड!

पथ्याची कल्पना जुनी आहे. कॅनडात माँट्रियलला डॉ. रॉय स्वँक यांनी १९४८ च्या सुमारास रुग्णांच्या जेवणातलं लोणी, साय, मांसातली चरबी कमी केली. १४४ जणांची ३४ वर्षांची नोंद त्यांनी १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापली. पथ्य पाळणारे पुष्कळ बरे राहिले होते. पण तुलनेला नेहमीचं जेवणारा वेगळा गट नव्हता. पथ्याने तब्येत टिकली, की तब्येत बरी म्हणून पथ्य टिकलं, हे कसं ठरवणार? कुठल्याही आहाराने एमएस थांबतो, हे अजून सिद्ध झालेलं नाही. म्हणून माझं इंजेक्शन चालूच आहे.

तरी ताटाकडे मी लक्ष देते. या आजारात बद्धकोष्ठाचा त्रास फार. ज्वारीची भाकरी आणि पालेभाजीने तो कमी होतो. लघवीच्या धाकाने पाणी कमी पिऊ नये, त्याने त्रास वाढतोच. उन्हाने पाय जड होतात, तेव्हा थंड ताक बरं वाटतं. ड जीवनसत्त्व रक्त तपासून, डॉक्टर सांगतील तेवढंच. वजन आवाक्यात असलं की जिना चढवतो.

थंडीत सराफ्यातले गराडू मात्र मी सोडलेले नाहीत.