दूध पचत नाही म्हणून पंप बंद करू नका

"रोटाकॅपमध्ये दुधाची साखर असते. तुम्हाला दूध पचत नाही ना? मग तो पंप घेऊच नका." नांदेड-लातूरकडे हा सल्ला पुन्हा पुन्हा कानावर येतो. कुणी मोबाइलवर आलेला मजकूर पुढे करतो, कुणी खोक्यावरच्या 'लॅक्टोज' या शब्दावर बोट ठेवतो. सल्ला देणाऱ्याचं काही जात नाही. दम्याचा पंप बंद केलेला माणूस मात्र ऐन सोयाबीनच्या मळणीत, भुसकटाच्या धुळीत धापा टाकतो आणि रात्री-अपरात्री दवाखाना गाठतो. म्हणून हा विषय एकदा नीट हिशेबानं पाहू.

अर्धी गोष्ट खरी आहे. रोटाकॅपसारखी पावडरची कॅप्सूल टाकून ओढायच्या पंपात लॅक्टोज, म्हणजेच दुधाची साखर, असतं. त्यातलं खरं औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजण्याइतकंच असतं आणि त्याचे कण इतके बारीक असतात की ते एकमेकांना चिकटून बसतात. त्यांना वाहून नेण्यासाठी लॅक्टोजचे मोठे कण मिसळतात. श्वास जोरात ओढला की औषध सुटं होऊन फुप्फुसात उतरतं. लॅक्टोजचे जड कण बहुतांशी तोंडात आणि घशातच अडतात आणि तिथून गिळले जातात.

आता प्रमाण पाहा. अशा पंपांच्या एका डोसमध्ये साधारण ५ ते २५ मिलिग्रॅम लॅक्टोज असतं. २०० मिलिलिटर दुधात ते जवळपास १० ग्रॅम, म्हणजे १०,००० मिलिग्रॅम असतं. एका कपातलं लॅक्टोज पोटात जायला २५ मिलिग्रॅमच्या ४०० कॅप्सूल ओढाव्या लागतील. एक कॅप्सूल म्हणजे दुधाचे जेमतेम दहा थेंब. दूध न पचणारा माणूस दिवसातून दोनदा चहा घेतो, त्यात याच्या कितीतरी पट दूध असतं.

दूध न पचणं म्हणजे लहान आतड्यात लॅक्टेज हे एन्झाइम कमी असणं. न पचलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात गेलं की तिथले जिवाणू ते आंबवतात. त्यातून गॅस, गुडगुड आणि जुलाब होतात. त्रास पोटाचा असतो, आणि तो किती होईल हे प्रमाणावर ठरतं. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१० मध्ये दिलेल्या मतानुसार अशा बहुतेक लोकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज फारशा त्रासाविना चालतं. काही जणांना त्याहून कमी प्रमाणातही त्रास होतो, पण २५ मिलिग्रॅम कुठे आणि १२ ग्रॅम कुठे! सेरेटाइड या पावडरच्या पंपाच्या ब्रिटनमधल्या माहितीपत्रकातही यातलं लॅक्टोज अशा लोकांना सहसा बाधत नाही, असं नमूद आहे.

शिवाय दूध न पचणारी माणसं थोडीथोडकी नाहीत. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात उत्तरेकडच्या सुमारे २७ टक्के आणि दक्षिणेकडच्या सुमारे ६७ टक्के लोकांत हा दोष आढळला. या सगळ्यांनी पंप सोडायचा म्हटलं तर दम्याचे किती रुग्ण औषधाविना राहतील?

सर्वांत जास्त संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. लॅक्टोजच्या भीतीनं पंप सोडलेला माणूस गोळीकडे वळतो, आणि अनेक गोळ्यांत भर घालायला लॅक्टोजच वापरतात, तेही बऱ्याचदा कॅप्सूलपेक्षा जास्त. कुणी होमिओपॅथीच्या पुड्या सुरू करतो. त्या पुडीतली पांढरी पावडर बहुधा दुधाचीच साखर असते.

एक अपवाद मात्र गांभीर्यानं घ्या: दुधाची अॅलर्जी. हा आजारच वेगळा. इथे शरीर दुधातल्या साखरेवर नव्हे, प्रथिनांवर उसळतं. दूध पोटात गेल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात, श्वास कोंडतो. औषधातलं लॅक्टोज गाईच्या दुधापासून बनवतात, त्यामुळे त्यात प्रथिनांचा अंश राहू शकतो. अमेरिकेत दुधाची तीव्र अॅलर्जी असलेल्या एका मुलाला अशा पंपातून प्रतिक्रिया आल्याची नोंद २००४ मध्ये तिथल्या अॅलर्जीविषयक वैद्यकीय नियतकालिकात झाली आहे. अशा रुग्णाला दाबून फवारा येणारा पंप स्पेसर लावून देता येतो, किंवा नेब्युलायझरनं औषध देता येतं. या दोन्हींत सहसा लॅक्टोज नसतं. गॅलॅक्टोसेमियासारखे दुर्मीळ जन्मजात दोष असतील तर तेही डॉक्टरांना आधीच सांगावेत.

आता बाकीचे गैरसमज.

पंपाची सवय लागते: लागत नाही. दमा दीर्घकाळचा आजार आहे, म्हणून औषधही दीर्घकाळ लागतं.

गोळी सौम्य, पंप कडक: उलट आहे. साल्ब्युटामॉलची ४ मिलिग्रॅमची गोळी २०० मायक्रोग्रॅमच्या रोटाकॅपच्या २० पट असते आणि ती रक्तावाटे सगळ्या अंगात फिरते.

रोटाकॅप गिळली तरी चालते: चालत नाही. ती यंत्रात घालूनच ओढायची.

पावडर ओढल्यावर खोकला आला म्हणजे लॅक्टोज बाधलं: कोरड्या पावडरीनं घसा खवखवतो. स्टेरॉइडच्या पंपानंतर गुळण्या कराव्यातच, म्हणजे तोंडात बुरशी होत नाही.

मृगाला हैदराबादची मासोळी गिळली की दमा जातो: याला शास्त्रीय पुरावा नाही.

बरं वाटलं की पंप बंद: श्वासनळीची सूज आत तशीच राहू शकते. डोस कमी करायचा तो डॉक्टरांनीच.

जागतिक रोगभाराच्या २०१९ च्या अंदाजानुसार जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्यानं होणाऱ्या मृत्यूंत आपला वाटा ४० टक्क्यांहून जास्त आहे. नियमित पंप न घेणं हे त्यामागचं मोठं कारण आहे. तेव्हा डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा "दूध चालत नाही" एवढंच सांगून थांबू नका. दूध प्यायल्यावर पोट बिघडतं की अंगावर गांधी उठतात, ते स्पष्ट सांगा. पोट बिघडत असेल तर पंप निर्धास्त घ्या. गांधी उठत असतील तर पंप बदलून मागा. पण आपल्या मनानं तो बंद करू नका.