फ्लशचा संडास: वास आधी गेला, आजार नंतर

फ्लशचे बटण दाबले की काही सेकंदांत सगळे वाहून जाते. त्यामुळे घरात फ्लशचा संडास आला म्हणजे आरोग्याचा प्रश्न सुटला, असे अनेकांना वाटते. या संडासाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. तो समजला, तर आपल्या घरात काय तपासायचे हेही कळते.

शोध कोणी लावला?

पाण्याने मैला वाहून नेण्याची कल्पना जुनी आहे. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी मोहेंजोदडोमध्ये घरातील संडासांचे पाणी विटांच्या गटारांत जात असे. वरच्या टाकीतले पाणी सोडून भांडे धुण्याची रचना इंग्लंडमधील सर जॉन हॅरिंग्टन यांनी १५९६ मध्ये पुस्तकात मांडली. पण वास अडवणारी वळणाची नळी त्यात नव्हती.

ती आणली लंडनचे घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी. त्यांनी १७७५ मध्ये पेटंट घेतले. त्यांच्या संडासाखालची नळी इंग्रजी 'एस' अक्षरासारखी वळलेली होती. वळणात थोडे पाणी कायम साचून राहते आणि गटारातला वास वर येऊ देत नाही. आजच्या फ्लशच्या संडासांतही सहसा असाच 'ट्रॅप' असतो. थॉमस क्रॅपर यांचे नाव संशोधक म्हणून अनेकदा घेतले जाते, पण त्यांचा जन्मच १८३६ चा.

मग लंडनमध्ये कॉलरा का पसरला?

एकोणिसाव्या शतकात लंडनच्या घरांत असे संडास झपाट्याने वाढले. भरपूर पाण्यामुळे मैल्याचे खड्डे भरून वाहू लागले. पुढे तो मैला गटारांतून थेट थेम्स नदीत जाऊ लागला आणि पिण्याचे पाणीही बऱ्याच भागांत त्याच नदीचे होते. रोग दुर्गंधीने होतो, असा तेव्हा समज होता.

१८५४ मध्ये डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरील कॉलऱ्याच्या साथीचा संबंध तिथल्या पाण्याच्या पंपाशी जोडून दाखवला. त्या विहिरीलगतच मैल्याचा एक गळका खड्डा होता, हे नंतर उघड झाले. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने संसदही हैराण झाली. त्यानंतर अभियंता जोसेफ बॅझलजेट यांनी मैला शहराबाहेर नेणारी मोठी गटारे बांधली. १८६६ मध्ये कॉलरा पुन्हा आला, तो मुख्यतः पूर्व लंडनमध्ये. तिथली गटारव्यवस्था अजून पूर्ण झालेली नव्हती.

थोडक्यात, फ्लशने मैला फक्त नजरेआड होतो. तो पिण्याच्या पाण्यापासून दूर गेला, तरच आजार टळतो.

तुमच्या घरी काय पाहाल?

- मैला कुठे जातो, हे विचारून घ्या. सेप्टिक टँकमधून बाहेर येणाऱ्या पाण्यातही जंतू असतात. ते उघड्या गटारात न सोडता शोषखड्ड्यात सोडावे.
- विहीर किंवा बोअर शोषखड्ड्यापासून शक्य तितकी दूर आणि उताराच्या वरच्या बाजूला असावी. शंका असेल तर पाणी तपासून घ्या आणि तोपर्यंत उकळून प्या.
- घर बरेच दिवस बंद राहिले तर ट्रॅपमधले पाणी आटते आणि वास येतो. संडासात आणि न्हाणीच्या जाळीत पाणी ओता.
- टाकी उपसायला यंत्राची गाडी बोलवा. माणसाला आत कधीही उतरवू नका. आतल्या विषारी वायूंनी जीव जातो.
- शौचानंतर आणि बाळाची शी धुतल्यावर साबणाने हात धुवा.

डॉक्टरांकडे कधी जावे?

जुलाब सुरू होताच जलसंजीवनी द्या, बाळाचे अंगावरचे दूध सुरू ठेवा. तांदळाच्या धुवणासारखे पातळ जुलाब, शौचातून रक्त, लघवी कमी होणे, डोळे खोल जाणे किंवा गुंगी यांपैकी काहीही दिसले तर लगेच दवाखाना गाठा. घरात किंवा शेजारी एकाच वेळी अनेकांना जुलाब होत असतील, तर आरोग्य केंद्राला कळवा. पाण्यात मैला मिसळत असेल, तर तो वेळीच शोधता येतो.