पालेभाजी, लिंबू आणि एक इलेक्ट्रॉन

दादर स्टेशनबाहेर माठ, राजगिऱ्याची जुडी घेताना दोन लिंबेही घ्यावीत. कारण लोहाच्या अणूत आहे.

लोहाचे 26 इलेक्ट्रॉन चार कक्षांत 2, 8, 14, 2 असे मांडलेले असतात. बाहेरचे दोन आधी निघून जातात. उरते ते ‘फेरस’ लोह. मग तिसऱ्या कक्षेतलाही एक गेला, की तिच्या शेवटच्या पाच खणांत प्रत्येकी एकच इलेक्ट्रॉन राहतो. ही मांडणी स्थिर, म्हणून लोह सहज ‘फेरिक’ बनते. पालेभाज्यांत बहुतांशी हेच असते. आतडे मात्र फेरस लोह शोषते. लिंबातले ‘क’ जीवनसत्त्व तो गेलेला इलेक्ट्रॉन परत देते. उलट, चहातले टॅनिन लोहाला बांधून ठेवते.

2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील 15 ते 49 वयाच्या 57 टक्के महिलांना रक्तक्षय आढळला. म्हणून भाजी गॅसवरून उतरवल्यावर लिंबू पिळावे. उष्णतेने ‘क’ जीवनसत्त्व कमी होते. चहा जेवणानंतर तासाभराने घ्यावा. सतत थकवा येत असेल, धाप लागत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या नियमित घ्याव्यात. लिंबू त्यांची जागा घेऊ शकत नाही.