पायांवरील निळे-जांभळे जाळे : समज, गैरसमज आणि उपचार

मांडीवर किंवा घोट्याजवळ उमटलेल्या तांबड्या-जांभळ्या रेषा दाखवून बाह्यरुग्ण विभागात अनेक भगिनी विचारतात, “डॉक्टर, इथे रक्त साकळले आहे का? पुढे काही धोका?” उत्तर बहुतेक वेळा दिलासा देणारे असते, काही वेळा मात्र तसे नसते. हा फरक रुग्ण, त्यांचे कुटुंबीय आणि रुग्णालयाचे हितचिंतक यांना कळावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

विकार कसा उद्भवतो?

रोहिण्या हृदयाकडून रक्त शरीरभर नेतात आणि नीला ते परत आणतात. पायांतील रक्ताला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढावे लागते. चालताना आकुंचन पावणारे पोटरीचे स्नायू ते वर ढकलतात, तर नीलांमधील झडपा ते खाली परतू देत नाहीत. झडपा निकामी झाल्या की रक्त साचते, दाब वाढतो आणि नीला फुगून नागमोडी होतात. ३ मिलिमीटर वा त्याहून रुंद अशा नीलांना ‘व्हेरिकोज व्हेन्स’ म्हणतात. त्वचेतील १ मिलिमीटरपेक्षा बारीक वाहिन्या रुंदावून कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसू लागल्या, तर त्या ‘स्पायडर व्हेन्स’ होत. झडपा सुस्थितीत असतानाही त्या उद्भवू शकतात.

आनुवंशिकता, वाढते वय, गरोदरपण, संप्रेरकांतील बदल, स्थूलता आणि दीर्घकाळ उभे राहण्याचा व्यवसाय ही यामागील प्रमुख कारणे होत. पायावर पाय टाकून बसल्याने हा विकार होतो, या समजाला मात्र शास्त्रीय आधार नाही.

दुर्लक्ष केव्हा करू नये?

केवळ बारीक रेषा असतील आणि त्रास नसेल, तर उपचार अनिवार्य नाहीत. परंतु संध्याकाळी पाय जड होणे, घोट्यावर सूज, आतील घोट्याभोवती पंख्यासारखे पसरलेले जाळे, त्वचा काळवंडणे किंवा खाज ही लक्षणे आढळल्यास डॉप्लर सोनोग्राफी करून घ्यावी. या अवस्थेकडे काणाडोळा केल्यास घोट्याजवळ जखम होते व ती महिनोन्‌महिने भरत नाही. एका पायास अचानक सूज व वेदना आल्यास मालिश न करता त्याच दिवशी रुग्णालयात यावे. खोल नीलेत रक्ताची गुठळी झाल्याची ती खूण असू शकते.

उपचारांचे पर्याय

नियमित चालणे, वजनावर नियंत्रण, विश्रांतीच्या वेळी पाय उंचावर ठेवणे आणि दाब देणारे लांब मोजे यांनी त्रास कमी होतो. उमटलेल्या रेषा मात्र पुसल्या जात नाहीत. पायांच्या रोहिण्या अरुंद झालेल्या रुग्णांना असे मोजे अपायकारक ठरू शकतात; म्हणून मधुमेही व धूम्रपान करणाऱ्यांनी प्रथम पायांतील रक्तप्रवाह तपासून घ्यावा.

पायांवरील जाळ्यासाठी ‘स्क्लेरोथेरपी’ हा प्रस्थापित उपचार आहे. अतिशय बारीक सुईने वाहिनीत औषध सोडले जाते. तिचे अस्तर चिकटून ती बंद होते व काही आठवड्यांत फिकी पडते. भूल देण्याची गरज नसते. बहुधा एकाहून अधिक वेळा यावे लागते. गरोदरपणी हा उपचार टाळतात. काही रुग्णांच्या त्वचेवर तपकिरी डाग राहतात. क्वचित जखम वा गुठळी होते. सुई जाणार नाही इतक्या बारीक वाहिन्यांसाठी त्वचेवरून लेसर वापरतात. सावळ्या त्वचेवर त्याने डाग पडण्याची शक्यता अधिक असल्याने विशेष दक्षता आवश्यक असते.

मुख्य नीलेच्या झडपा निकामी असतील, तर प्रथम त्या नीलेवर उपचार हवेत. पूर्वी ती शस्त्रक्रियेने काढून टाकीत. आता लेसर वा रेडिओलहरींच्या उष्णतेने ती आतूनच बंद करता येते. मूळ दोष तसाच ठेवून वरवरच्या रेषांवर खर्च केल्यास त्या पुन्हा उमटतात. नव्या वाहिन्याही पुढे उद्भवू शकतात. म्हणून ‘कायमचा इलाज’ अशा जाहिरातींना भुलू नये.

फुगलेली नीला फुटून रक्तस्राव झाल्यास घाबरू नये. रुग्णास आडवे करून पाय उंच धरावा, स्वच्छ कापडाने त्या जागी घट्ट दाब द्यावा व त्वरित रुग्णालय गाठावे.

देणगीदारांस विनंती

सौंदर्यासाठीचे उपचार ज्याने त्याने स्वखर्चाने करावेत, हे उचितच. पण दिवसभर उभे राहून पोट भरणाऱ्या स्वयंपाकीणबाईच्या किंवा हमालाच्या पायावरील जखम हा सौंदर्याचा प्रश्न नव्हे. त्यावर त्या घराची चूल अवलंबून असते. तपासणी, पट्ट्या व मोजे यांचा खर्च अशा कुटुंबास पेलत नाही. आपल्या देणगीचा खरा विनियोग तेथे होतो, याची नोंद घ्यावी, ही नम्र विनंती.