‘लाखाची गोष्ट’ पुन्हा पाहताना

ट्रंकेतला शालू वर्षातून एकदा बाहेर काढून त्याची घडी बदलावी, नाहीतर तो घडीवरच विरतो, हे आपल्यापैकी बहुतेकींना सासूबाईंनी शिकवलेलं असतं. आवडत्या जुन्या चित्रपटांचंही तसंच. नुसते आठवणीत जपले, तर ते कुठे विरलेत ते कळतच नाही.

आता राजा परांजपे यांचा ‘लाखाची गोष्ट’च घ्या ना! १९५२ सालचा हा बोलपट. गीतं ग. दि. माडगूळकरांची, संगीत सुधीर फडके यांचं. चित्रा आणि रेखा या सख्ख्या बहिणींचा हा पहिलाच चित्रपट. प्रेमात पडलेल्या गरीब तरुणाला मुलीचे श्रीमंत वडील अट घालतात : हे एक लाख रुपये महिन्याभरात खर्चून दाखव, मगच मुलगी देईन. तेव्हा सोनं तोळ्याला शंभराच्याही आत होतं. म्हणजे हजार तोळ्यांहून अधिक सोन्याची ही रक्कम! आणि गंमत अशी, की खर्चायला जावं तर पैसा उलट वाढूनच परत येतो.

आमच्या अंजनवेलीत थिएटर नाही. पण गणपतीला मुंबईची मंडळी आली, की दुपारची जेवणं आटोपल्यावर टीव्हीवर जुना चित्रपट लागतो. यंदा हा लावला. सासूबाईंना सगळी गाणी पाठ. कॉलेजात जाणारी भाचीही पोट धरधरून हसली. शेवटी मात्र म्हणाली, “मामी, पैज वडिलांनी लावली, त्याने घेतली. पण मुलीला कुणी विचारलंच नाही की!”

“आमच्या वेळी कोण विचारत होतं?” सासूबाई म्हणाल्या खऱ्या, पण मग बराच वेळ गप्प होत्या.

‘काळच तसा होता’ म्हणून हा प्रश्न सुटत नाही. हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली आला. तरी आजही बैठकीत मुलाचा पगार, फ्लॅट, मानपान आधी निघतं आणि मुलीचं मन शेवटी. दोष जुना आहे, पण तो एकट्या चित्रपटाचा नाही.

म्हणून काही चित्रपट टाकून द्यायचा नाही हं! श्रीमंतीची इतकी खुसखुशीत थट्टा आणि इतकी गोड गाणी पुन्हा कुठे मिळणार? लेकीसुनांबरोबर जरूर पाहा. मनसोक्त हसा, आणि त्यांना जिथे खटकेल तिथे रागावू नका, बोलू द्या. आणि हो, घरात पुढची बैठक ठरेल, तेव्हा पहिला प्रश्न मुलीला विचारा.