नानकटाईचे मूळ आणि मोहन

नानकटाई सुरतेत जन्मली, असे सर्रास सांगितले जाते. डचांच्या वखारीतल्या लोकांसाठी पाव भाजणारी एक भट्टी तिथे होती. डच निघून गेल्यावर ती एका पारशी गृहस्थाकडे आली, पावाचे गिऱ्हाईक आटले, उरलेला पाव वाळवून विकता विकता बिस्किटाची चटक लोकांना लागली आणि पुढे बिनअंड्याची नानकटाई घडली, अशी ही कथा. डच १६१६ च्या सुमारास सुरतेत आले आणि १८२५ मध्ये त्यांचा तिथला कारभार इंग्रजांकडे गेला, एवढा भाग इतिहासाला धरून आहे. अमेरिकेतला ‘कुकी’ हा शब्दही छोट्या केकसाठीच्या डच शब्दावरूनच आला, कारण १६६४ पर्यंत न्यूयॉर्क डचांची वसाहत होती. तेव्हा कुकी आणि नानकटाई एकाच डच घरातल्या बहिणी, असे म्हणण्याचा मोह होतो. पण पदार्थाचे नावच आडवे येते. ‘नान’ म्हणजे फारसीत रोटी, आणि ‘खताई’चा संबंध बहुतेक अभ्यासक ‘खता’शी, म्हणजे चीनच्या मुलखाशी लावतात. अफगाणिस्तानात याच जातीच्या बिस्किटाला ‘कुल्चा-ए-खताई’ म्हणतात. सुरत या मोगलांच्या मोठ्या बंदरात फारसी बोलणारे व्यापारी नांदत होते. म्हणून डचांची भट्टी नानकटाईला मिळाली असेल, पण तिचे नाव तरी खुष्कीच्या वाटेवरचे आहे, असे मला वाटते.

मुळापेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते तिच्यातले तूप. शंकरपाळी किंवा करंजी करणाऱ्या प्रत्येकीला मोहन माहीत असते: पिठात कडकडीत तूप चोळायचे, मूठ वळली की पुरे. मैद्याला पाणी लागले आणि तो मळला, की त्यातली प्रथिने एकमेकांत गुंतून तार धरतात. पोळीला, पावाला ती हवीच असते. तुपाने कणाकणावर लेप चढवला की पाणी आत पोचत नाही, तार धरत नाही, आणि पदार्थ चिवट न होता खुसखुशीत होतो. नानकटाई म्हणजे टोकाला नेलेले मोहन. त्यात पाणी जवळजवळ नसतेच. आधी तूप आणि पिठीसाखर परातीत तळहाताने पांढरीशुभ्र, हलकी होईपर्यंत फेसायची, मग मैदा, थोडा रवा किंवा बेसन घालून फक्त गोळा करायचा. फेसताना शिरलेली हवा भट्टीत फुलते. बेसनात ती तार धरणारी प्रथिने नसतात, म्हणून ते घातले की नानकटाई आणखी ठिसूळ होते आणि भाजल्या डाळीचा खमंगपणाही येतो.

यावर कोणी म्हणेल, स्कॉटलंडचे शॉर्टब्रेड हेच तर आहे: तीन भाग पीठ, दोन भाग लोणी, एक भाग साखर. तत्त्व एक आहे, हे मान्यच करायला हवे. पण लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असते, तुपात नावापुरते. म्हणून शॉर्टब्रेडचा तुकडा कडकन मोडतो आणि नानकटाई जिभेवर वाळूसारखी पसरते. शिवाय कढवताना तुपाला जो वास येतो, तो लोण्याला नाही. वेलदोडा आणि जायफळ त्याच वासावर उभे राहतात. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. बेकऱ्यांतून मिळणारी नानकटाई वर्षानुवर्षे वनस्पती तुपाची होती आणि लोकांनी ती आवडीने खाल्ली, मग तुपाचे एवढे कौतुक कशाला? वनस्पतीतही पाणी नसते, त्यामुळे खुसखुशीतपणा टिकतो, ती स्वस्त पडते, आणि अनेक घरांना नानकटाई परवडली ती तिच्यामुळेच. हे ऋण नाकारता येत नाही. पण वास जातो, टाळूला मेणचट थर चिकटतो, आणि अर्धवट घट्ट केलेल्या तेलातल्या ट्रान्स फॅटने हृदयाला अपाय होतो. त्याचे प्रमाण २०२२ पासून दोन टक्क्यांच्या आत ठेवण्याचा नियम झाला, तो याचसाठी.

घरी भट्टी नसायची तेव्हा सणासुदीला रवा, मैदा, तूप, साखर डब्यात भरून बेकरीत न्यायचे आणि ट्रे भाजून आणायचे, अशी रीत महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत होती. तूप आपल्या घरचे आहे, याची खात्री त्यात होती. भट्टीतून नुकतीच निघालेली नानकटाई मात्र लगेच उचलू नये. तूप अजून पातळ असते, बोट लागले तरी ती ढासळते. ट्रेमध्येच निवू द्यावी. तूप थिजले की वरच्या भेगा घट्ट होतात, आणि मग पहिल्या घासाला ती सुटी होत जाते.